सोडलेला डाव आणि रडीचा डाव

मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाचं नियमपुस्तक शेकडो पानांचं आहे. त्याच्या सुरुवातीलाच एक सुवर्णनियम सांगितलाय: पत्त्यावर छापलेला मजकूर आणि पुस्तकातला नियम यांचं जिथे पटत नसेल, तिथे पत्त्याचं ऐकायचं. खेळात हजारो वेगवेगळे पत्ते आहेत आणि प्रत्येकाला नेहमीपेक्षा काहीतरी निराळं करायचंय, तेव्हा दुसरा मार्गही नाही. या सुवर्णनियमाला पुस्तकात एकच अपवाद दिलेला आहे. खेळाडू कधीही डाव सोडू शकतो, आणि कुठलाही पत्ता त्याला अडवू शकत नाही.

२००३ साली माइंडस्लेव्हर नावाचा एक पत्ता आला. तो लागू पडला की तुमची पुढची अख्खी पाळी समोरचा माणूस खेळतो. तुमच्या हातातले पत्ते तो बघतो, तुमचं सैन्य त्याला हवं तसं हलवतो, तुमचे चांगले पत्ते तुमच्याच विरोधात उधळून टाकतो. एवढं सगळं हाती आलं तरी त्याला तुमच्या वतीने डाव मात्र सोडता येत नाही. आणि तुम्ही स्वतः सोडायचा म्हणालात तर तो थांबवू शकत नाही.

मला ही तरतूद फार मोलाची वाटते. डाव सोडण्यावरून जेवढे म्हणून वाद होतात, कधी सोडावा, कोणासाठी सोडावा, कशाच्या बदल्यात सोडावा, ते सगळे याच हक्काभोवती फिरतात. बरीच वर्षं रविवारच्या टेबलावर आणि लहानमोठ्या स्पर्धांत खेळल्यावर माझं मत असं झालंय की हा हक्क खुशाल वापरावा, दुसऱ्याच्या भल्यासाठी वापरला तरी चालेल, पण त्याला भाव लावू नये. हे मत कशावरून झालं ते नीट सांगतो.

आधी, ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. ट्रेडिंग कार्ड गेममध्ये बावन्न पत्त्यांचा एक कॅट दोघांत वाटून घेत नाहीत. प्रत्येकजण पाकिटं विकत घेऊन, अदलाबदली करून, स्वतःचा डेक बांधून आणतो. या प्रकाराची सुरुवात १९९३ साली रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने मॅजिकपासून केली. पुढे जपानमधून पोकेमॉन आणि यू-गी-ओह आले. मॅजिकमध्ये साधारण ६० पत्त्यांचा डेक आणि २० लाइफ असतं, समोरच्याचं लाइफ शून्यावर आणलं की डाव जिंकला. पोकेमॉनमध्ये सहा प्राइझ कार्डं उचलायची असतात, यू-गी-ओहमध्ये ८००० गुण संपवायचे असतात. स्पर्धेतला सामना बहुतेक वेळा तीन डावांचा असतो, दोन जिंकेल तो जिंकला. डाव सोडण्याला इंग्रजी बोलणारे खेळाडू ‘स्कूप’ म्हणतात, कारण सोडणारा टेबलावरचे आपले पत्ते दोन्ही हातांनी गोळा करतो. आपल्याकडची पोरंही तोच शब्द वापरतात: ‘मी स्कूप केलं.’

मुळात ही कल्पना आपल्याला परकी नाही. रमीत पत्ते हातात आल्याआल्या पॅक केलं तर २० गुण बसतात. एकदा पत्ता उचलून मग पॅक केलं तर ४०. आणि आशेवर बसून राहिलात, समोरच्याने शो केला, तर ८० पर्यंत. गणपतीत रात्र जागवणाऱ्या घराघरांत हे आकडे पोरांना पाढ्यांसारखे पाठ असतात. वाईट पत्ते बघून पहिल्याच फटक्यात पॅक करणाऱ्या काकांना कोणी भित्रं म्हणत नाही, उलट ‘काका जपून खेळतात’ म्हणतात. ट्रेडिंग कार्ड गेममध्ये २०, ४०, ८० असं कुठे छापलेलं नसतं. पण हिशोब तोच आहे. इथे गुणांच्या जागी मिनिटं आणि माहिती खर्च होतात.

मिनिटांचं आधी सांगतो, कारण नवे खेळाडू सगळ्यात जास्त मार तिथेच खातात. मॅजिकच्या स्पर्धेत तीन डावांच्या सामन्याला साधारण ५० मिनिटं मिळतात. वेळ संपल्याची घोषणा झाली की आणखी पाच पाळ्या, आणि बस्स. तोवर ज्याचे डाव जास्त तो जिंकला, सारखे असतील तर बरोबरी. विजयाला ३ गुण, बरोबरीला १, हरलात तर ०.

माझ्या सुरुवातीच्या एका स्पर्धेत समोर कंट्रोल डेक होता, म्हणजे स्वतः घाईने न जिंकता दुसऱ्याचं प्रत्येक पाऊल अडवत बसणारा. पहिल्या डावात माझ्या हातात काही उरलं नव्हतं. त्याच्याकडे सहा पत्ते होते. दर पाळीला मी वरचा एक पत्ता उचलायचो, खेळायचो, तो रद्द करायचा. तरी मी सोडला नाही, कारण सोडणं म्हणजे हात वर करणं असं डोक्यात पक्कं बसलेलं होतं. तो डाव मी ३८ व्या मिनिटाला हरलो. दुसरा अकरा मिनिटांत जिंकलो. तिसऱ्यासाठी पत्ते पिसत असतानाच वेळ संपल्याचा पुकारा झाला. ‘अरे, वीस मिनिटं आधी सोडलं असतंस तर कदाचित जिंकला असतास,’ समोरचा म्हणाला. तो अगदी मनापासून बोलला होता, आणि त्याचं बरोबर होतं.

हे आकड्यांत मांडून बघू. आकडे मी समजावण्यापुरते धरलेत. २५ मिनिटं गेली आहेत, पहिला डाव चालू आहे आणि तो वाचण्याची शक्यता शंभरात पाच आहे. खेळत राहिलात तर त्यात आणखी १५ मिनिटं जातील आणि मग फक्त एका डावापुरता वेळ उरेल. आत्ता सोडलात तर २५ मिनिटांत दोन डाव होतील. पुढचा प्रत्येक डाव निम्मा-निम्मा धरू.

सोडलात तर पुढचे दोन्ही जिंकण्याची शक्यता शंभरात २५. जिंकलात तर ३ गुण, नाहीतर शून्य. सरासरी पाऊण गुण. बसून राहिलात तर शंभरात पाच वेळा पहिला डाव चमत्काराने वाचेल आणि सामना बहुधा तुमचा होईल. उरलेल्या ९५ वेळांत पहिला डाव गेला, दुसरा खेळला, त्यातल्या निम्म्या वेळा जिंकलात, म्हणजे साधारण ४७ वेळा एक-एक अशी बरोबरी आणि एक गुण. सरासरी जेमतेम ०.६२ गुण.

सरासरीतला हा फरक किरकोळ दिसतो, पण खरी गोष्ट सरासरीत नाहीच. पुढे जायला तुम्हाला विजयच हवा असेल, तर सोडल्याने तुमची शक्यता पाचाची पंचवीस झाली. आणि एका गुणावर भागत असेल, तर सोडणं हा वेडेपणा आहे, कारण तुम्ही पन्नासच्या आसपासची शक्यता टाकून पंचवीसची घेतली. म्हणून ‘कधी सोडावं?’ या प्रश्नाला टेबलावरचे पत्ते बघून उत्तर देता येत नाही. भिंतीवरचं घड्याळ आणि गुणतक्ता दोन्ही बघावे लागतात. मुरलेले खेळाडू फेरी सुरू होण्याआधीच मनाशी ठरवून बसतात की आज आपल्याला तीन हवेत की एक.

इथे एक धोक्याची खूण लावून ठेवतो. बरोबरीसाठी बसून राहणं वेगळं आणि वेळ खाणं वेगळं. नेहमीच्या वेगाने शेवटपर्यंत खेळलात तर कोणी बोट दाखवू शकत नाही. पण घड्याळाचा फायदा घ्यायचा म्हणून एकेका पत्त्यावर मुद्दाम विचारात पडल्याचं सोंग आणलंत, तर मॅजिकच्या नियमांत ती फसवणूक धरली जाते आणि स्पर्धेतून बाहेर काढतात. नकळत रेंगाळणाऱ्याला आधी ताकीद मिळते. सोंगाला ताकीद नाही.

दुसरा खर्च माहितीचा. पहिल्या डावानंतर प्रत्येकाला १५ पत्त्यांच्या साइडबोर्डमधून, म्हणजे बाजूला ठेवलेल्या जादा पत्त्यांतून, बदल करता येतात, समोरच्याचा डेक बघून त्याच्यावर उतारा आणता येतो. आता समजा तुमची सुरुवात इतकी वाईट झाली की पाच पाळ्यांत तुम्ही दोन जमिनी (बाकीचे पत्ते खेळायला ताकद पुरवणारे पत्ते) आणि एक सामान्य प्राणी एवढंच टाकू शकलात. समोरचा धडाधड मारतोय. अजून दोन पाळ्या जगण्यासाठी तुम्ही तुमचा हुकमी पत्ता काढलात, तर डाव तरीही जाणार आणि पुढच्या डावात तो पत्ता गुपित राहणार नाही. त्यापेक्षा तिथेच सोडलंत तर समोरचा अंधारात चाचपडत साइडबोर्ड करतो. सोडताना हातातले पत्ते दाखवायची सक्ती नसते. शिवाय आधीचा डाव हरलेल्याला पुढच्यात पहिली पाळी घ्यायची की नाही हे ठरवता येतं, ती सवलत मिळतेच. एक गोष्ट मात्र दाखवावी लागते. मॅजिकमध्ये काही पत्ते पालथे खेळता येतात, आणि डाव संपला की टेबलावरचे पालथे पत्ते उलटून दाखवणं बंधनकारक आहे, सोडलात तरीही. नाहीतर कोणीही कुठलाही पत्ता पालथा टाकून खोटं बोलला असता आणि हरताना गोळा करून मोकळा झाला असता.

उलटही होतं. हरणारा डाव थोडा लांबवला तर समोरच्याचे दोन पत्ते जास्त दिसतात. मी स्वतः पहिल्या डावात आपलं काहीही न दाखवता समोरच्याचं बघता येत असेल तोवर बसतो, आणि आपलं दाखवल्याशिवाय जगता येत नाही त्या क्षणी उठतो.

आता घाईने सोडण्याची किंमत. १९९७ साली पॅरिसला झालेल्या प्रो टूर या मॅजिकच्या मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात माइक लाँग आणि मार्क जस्टिस समोरासमोर होते. लाँगचा डेक एकामागून एक पत्ते उचलत, ताकद साठवत, शेवटी एकाच पत्त्याने समोरच्याचं सगळं लाइफ ओढून घ्यायचा. मॅजिकच्या वर्तुळात त्या सामन्याचा एक किस्सा आजही सांगतात. साखळी चालू ठेवायला लाँगला तो जिंकवणारा एकुलता एक पत्ताच मध्ये खर्ची घालावा लागला. म्हणजे आता शेवट करायला त्याच्याकडे काही नव्हतं. चेहऱ्यावरची रेष न हलवता तो साखळी पुढे चालवत राहिला, आणि जस्टिसने डाव सोडला. ती स्पर्धा लाँग जिंकला.

त्याच वर्षी न्यूयॉर्कला डीप ब्लू या संगणकाविरुद्धच्या बुद्धिबळाच्या दुसऱ्या डावात गॅरी कास्पारोव्हने हार मानली, आणि नंतरच्या विश्लेषणात दिसलं की ती स्थिती बरोबरीत सुटू शकली असती. एवढा मोठा खेळाडू, पण समोरच्याला सगळं दिसतंय असं मनाने घेतलं की हात आपोआप खाली येतो.

लाँगच्या वागण्यात अखिलाडू असं काही मला वाटत नाही. समोरच्याने न बोलता आत्मविश्वास दाखवला तर तो खेळाचा भाग आहे. पण आपला हक्क आपण विसरू नये: ‘शेवट कसा करणार ते दाखव’ असं विचारता येतं. त्यात काहीही उद्धट नाही. नव्या मुलांना मी हे पहिल्याच आठवड्यात शिकवतो, कारण मोठ्या माणसाने जोरात ‘झालं, संपलं’ म्हटलं की ती बिचारी पत्ते गोळा करायला लागतात.

आतापर्यंत गोष्ट दोघांची होती. स्पर्धेत तिसरा येतो आणि तिथे खिलाडूपणाचा खरा प्रश्न सुरू होतो.

मोठ्या स्पर्धा स्विस पद्धतीने चालतात. कोणी बाद होत नाही, दर फेरीत सारख्या गुणांचे खेळाडू एकमेकांसमोर येतात, आणि ठरलेल्या फेऱ्यांनंतर पहिले आठ पुढे जातात. समजा सहावी, शेवटची फेरी आहे. समोरासमोर बसलेल्या दोघांचे १२-१२ गुण आहेत. बरोबरी झाली तर दोघांचे १३ होतात आणि त्या दिवशीच्या गुणतक्त्यात तेवढ्यावर दोघेही आठांत नक्की. ते हात मिळवतात, ‘आयडी’ म्हणजे ठरवून बरोबरी नोंदवतात आणि बाहेर चहाला जातात. मॅजिकचे नियम याला परवानगी देतात. पलीकडच्या टेबलावर नववा माणूस घाम गाळून खेळतोय, आणि या दोघांपैकी एक हरला असता तर त्याला जागा मिळाली असती.

त्याहून नाजूक प्रसंग असा. तुमचे दोन पराभव झालेत, तुमचं काही होणार नाही. शेवटच्या फेरीत समोर तुमचा मित्र आला. तो जिंकला तर आठांत जातो. तुम्ही सोडून देता. हेही नियमात बसतं. नवव्याला ते अन्यायाचं वाटतं आणि मला त्याचं दुःख कळतं, कारण मी नववा राहिलोय. तेव्हा आठव्याला त्याच्या खोलीतल्या मित्राने सामना सोडला होता. घरी येताना लोकलमध्ये मी अख्खा प्रवास धुसफुसत होतो.

तरी आज मी या परवानगीच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण पत्त्यांबाहेरचं आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनच्या महिला दुहेरीत गटसाखळी होती. गटात दुसरं आलं तर पुढे सोपा प्रतिस्पर्धी मिळेल असं गणित काही जोड्यांनी मांडलं. सामना उघडपणे सोडणं तिथे शक्य नव्हतं. मग जगातल्या सर्वोत्तम खेळाडू मुद्दाम सर्व्हिस जाळ्यात मारू लागल्या, शटल बाहेर घालवू लागल्या, प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. चीनची एक, दक्षिण कोरियाच्या दोन आणि इंडोनेशियाची एक, अशा चार जोड्या स्पर्धेतून काढल्या गेल्या. त्याच स्पर्धेत ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा या आपल्या जोडीची उपांत्यपूर्व फेरी अगदी थोड्या गुणफरकाने हुकली होती. गटातल्या दुसऱ्या एका सामन्याच्या निकालाबद्दल भारताने तक्रारही केली, ती फेटाळली गेली.

सोडायला बंदी घातली म्हणून हरण्याची इच्छा नाहीशी होत नाही. ती फक्त खेळाच्या आत शिरते आणि खेळ नासवते. पत्त्यांच्या खेळात तर हे आणखी सोपं आहे. हातात हुकमी पत्ता असून तो खेळलाच नाही, तर कोणाला कळणार? पंचाला माणसाच्या मनात बघता येत नाही. त्यापेक्षा ‘मी सोडतो’ हे सगळ्यांसमोर, मोठ्याने म्हटलेलं बरं. नवव्या माणसाला निदान काय घडलं ते दिसतं.

पण याच मोकळिकीमुळे पुढची रेघ अगदी ठळक असावी लागते, आणि ती तशी आहे. सोडण्याच्या बदल्यात काहीही देऊ करायचं नाही, मागायचं नाही, सुचवायचंही नाही. पैसे नाहीत, पत्ते नाहीत, बक्षिसातला वाटा नाही, रात्रीचं जेवण नाही. मॅजिकच्या स्पर्धानियमांत ही लाचखोरी आहे. सामना जातो, आणि माहीत असून केलं असेल तर थेट बाहेर. नाणं उडवून किंवा फासा टाकून निकाल ठरवणंही याच पंगतीतलं.

वाईट याचं वाटतं की यात बहुतेक वेळा निष्पाप माणसं अडकतात. शेवटची फेरी, दोघं दमलेले, एकजण सहज म्हणतो, ‘तू सोडतोस का? बक्षिसातली दोन पाकिटं तुला देतो.’ त्याच्या मनात पाप नसतं. आपल्याकडे ‘वाटून घेऊ’ ही चांगुलपणाची भाषा आहे. एका स्पर्धेत मी हेच वाक्य ऐकलं. म्हणणारा कॉलेजमधला मुलगा होता, पहिलीच स्पर्धा, पाच फेऱ्या जीव तोडून खेळलेला. शेजारच्या टेबलावरून पंचाने मान वर केली, जवळ येऊन खाली वाकून हळू आवाजात त्याला बाजूला बोलावलं. पाच मिनिटांनी तो मुलगा परत आला तो बॅग उचलायला. डोळे लाल झाले होते. त्याला कोणी आधी सांगितलं असतं तर हे टळलं असतं, म्हणून मी हे इतकं लांबवून लिहितोय.

तर नेमकं काय चालतं? ‘तुला सोडायचंय का?’ एवढं एकदा विचारणं चालतं. नाही म्हटलं की विषय संपला. पुन्हापुन्हा मागे लागणं, केविलवाणं तोंड करणं, ‘तुझं तसंही काही होणार नाही’ म्हणून टोचणं, हे वागणं खिलाडू नाही. दोघांनी बक्षीस वाटून घ्यायचं ठरवलं तरी चालतं, पण निकाल काहीही लागो, वाटप तेच राहिलं पाहिजे. ‘मी जिंकलो तर वाटू’ यातला ‘तर’ सगळा घोटाळा करतो. जरा जरी शंका आली, तर तोंड उघडण्याआधी हात वर करून पंचाला बाजूला घेऊन विचारावं. आधी विचारल्याबद्दल शिक्षा झालेली मी पाहिलेली नाही.

आणि सोडताना शब्दांत सोडावं. हात पुढे केला म्हणजे सोडलं, की नुसतं ‘छान खेळलास’? यावरून दोन मित्रांत अबोला धरल्याचं मला माहीत आहे. ‘हा डाव मी सोडतो’ किंवा ‘पूर्ण सामना सोडतो’, एवढं स्पष्ट बोलावं, मग हात मिळवावा, मग पत्ते उचलावेत. याच क्रमाने.

चारजणांच्या खेळात सगळं आणखी गुंतागुंतीचं होतं. मॅजिकचा कमांडर नावाचा प्रकार सध्या घराघरांत खेळला जातो: १०० पत्त्यांचा डेक, ४० लाइफ, बहुधा चार खेळाडू. इथे कोणी डाव सोडला की त्याच्या मालकीचे सगळे पत्ते त्याच्यासोबत टेबलावरून जातात. आता हे बघा. एकाने दुसऱ्यावर मोठा हल्ला केलाय. त्याच्या प्राण्याने जेवढं नुकसान केलं तेवढं त्याला लाइफ मिळतं, आणि त्या लाइफवरच त्याची पुढची पाळी निभावणार आहे. ज्याच्यावर हल्ला आहे तो मरणारच आहे. तो नुकसान व्हायच्या आत पत्ते गोळा करतो. हल्ला हवेत विरतो, लाइफ मिळत नाही, आणि तिसरा माणूस बसल्याजागी जिंकतो.

नियम सोडणाऱ्याच्या बाजूने आहेत. माझं मन नाही. हल्ला करणाऱ्याने त्याच्यासाठी आपली पाळी आणि पत्ते खर्च केले होते, ते चिडून हिसकावून घेतले. मराठीत याला चांगला शब्द आहे, रडीचा डाव. आमच्या टेबलावर यासाठी साधा ठराव आहे. सोडायचं तर आपल्या पाळीला, टेबलावर काही अर्धवट चालू नसताना. मध्येच कोणाला खरंच जावं लागलं, घरून फोन आला, तर त्याने जावं, पण जे चालू होतं त्याचा हिशोब तो बसलाय असं धरून पुरा करायचा. अनोळखी लोकांसोबत बसताना हे पहिल्या पत्त्याआधी बोलून घ्यावं, कारण प्रत्येक टेबलाची रीत वेगळी असते.

फोनवरच्या खेळांत, मॅजिक अरिना असो की २०२४ च्या ऑक्टोबरात आलेलं पोकेमॉन टीसीजी पॉकेट, सोडायचं बटण कोपऱ्यातच असतं आणि समोर चेहरा नसतो. त्यामुळे सोडण्यात काही वाटत नाही, आणि न सोडता वेळ संपेपर्यंत समोरच्याला ताटकळत ठेवण्यातही काही वाटत नाही. पहिल्याला मी दोष देत नाही. दुसऱ्याला देतो. पलीकडे कोणीतरी जेवणाच्या सुट्टीत खेळत असेल.

टेबलावर मात्र चेहरा असतो, आणि त्या चेहऱ्यासाठी कधीकधी हिशोब बाजूला ठेवावा लागतो. आमच्या रविवारच्या टेबलावर तेरा वर्षांचा एक मुलगा यायला लागला. त्याने महिनाभर अदलाबदली करून एक डेक बांधला होता. त्यात एकच मोठा ड्रॅगन, आणि तो टेबलावर आणायला तीन-चार पत्ते जुळून यावे लागत. आठवडेच्या आठवडे ते जुळत नव्हते. एका रविवारी आमच्यातल्या एका मुरलेल्या खेळाडूसमोर ते जुळले. मुलाने ड्रॅगन ठेवला, प्लेमॅटवर नीट सरळ केला आणि श्वास घेऊन हल्ला सांगायला तोंड उघडलं. समोरच्याने गणित केव्हाच केलं होतं. ‘हो हो, कळलं, जिंकलास,’ म्हणत त्याने दोन्ही हातांनी पत्ते ओढले आणि पिसायला घेतले. निकाल बरोबर होता. मुलगा जिंकला होता. पण त्याचा हात ड्रॅगनवर तसाच राहिला आणि तो इकडेतिकडे बघू लागला, जणू आपलं काही चुकलं का.

त्या खेळाडूला मी नंतर बाजूला घेऊन बोललो. त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. स्पर्धेच्या सवयीने त्याने वेळ वाचवला होता, आणि त्या दिवशी वाचवायला वेळच वेळ होता.

पुढच्या रविवारी तो मुद्दाम त्याच मुलासमोर बसला. ड्रॅगन तिसऱ्या डावात आला. खरं तर दोन पाळ्या आधीच त्या डावात काही उरलं नव्हतं आणि तो खुशाल उठू शकला असता. तो बसून राहिला. मुलाने हल्ला सांगितला. ‘किती नुकसान?’ त्याने विचारलं. मुलाने बोटाने पत्त्यावरचा आकडा दाखवला, मग दुसऱ्या पत्त्यामुळे झालेली वाढ मिळवून सांगितली: ‘अकरा.’ त्याने आपलं लाइफ लिहिलेला कागद ओढला, नऊवर काट मारली, त्याखाली मोठं शून्य काढलं आणि कागद वळवून मुलाला दाखवला. मग हात पुढे केला.